वाकणारा माणूस पाहिजे

बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना बास्केटबॉलची टीम कशी उभी करावी हे ज्याला पक्कं कळलं होतं, असा माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला आणि तो माझ्या रूममेटचा खालू होता. खालू म्हणजे खालाचे, म्हणजे मावशीचे, यजमान. माझा रूममेट सलीम त्यांना खालू म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो आणि बघता बघता ते अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फा नावाच्या सगळ्या कारखान्यांच्या वस्तीचे खालू झाले. त्यांना स्वतःचं असं एखादं नाव असणार हे उघड होतं, पण ते वाचायची वेळ माझ्यावर एकदाच आली, आणि तीही ते मुसफ्फा सोडून गेल्यावर.

खालूंचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. मुसफ्फात नुसती वाळू होती आणि वाळूत दोन पत्र्याच्या शेड होत्या, तेव्हापासून आपण इथे आहोत असं ते सांगत. तेल कंपन्यांसाठी पाइप आणि टाक्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन कंपनीत ते स्टोअरकीपर होते. वीस वर्षं नट, बोल्ट, व्हॉल्व्ह आणि एल्बो यांच्या सहवासात काढल्यामुळे सगळी सृष्टी त्यांना एक मोठं स्टोअर वाटे आणि माणसं म्हणजे रॅकवरचा माल. हळू चालणारा माणूस दिसला की तो ‘स्लो मूव्हिंग आयटम’. कुणाची ओळख करून दिली की ते त्याच्याशी हात मिळवत आणि मग त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारत, कारण गंज नेहमी मागच्या बाजूला धरतो असा त्यांचा अनुभव होता. सलीमच्या लग्नाची बोलणी फोनवर चालली होती तेव्हा मुलीकडच्यांनी सहा महिने थांबायला सांगितलं. खालूंनी रिसीव्हर हातात घेतला आणि हा डिलिव्हरीचा काळ पक्का समजायचा की अंदाजे, असं अत्यंत अदबीने विचारलं. लग्न ठरल्याप्रमाणे झालं, पण सलीमचे सासरे त्यानंतर खालूंशी बेताचंच बोलत.

टीमचं मॅनेजरपद त्यांच्याकडे आलं ते बॉलमुळे. कंपनीने बास्केटबॉलची टीम काढली, तिच्यासाठी एक बॉल घेतला आणि तो स्टोअरमध्ये ठेवायचा असं ठरलं. स्टोअरमध्ये जे जे म्हणून असेल ते खालूंच्या ताब्यात, त्यामुळे बॉलच्या मागोमाग टीमही त्यांच्या ताब्यात गेली. दर शुक्रवारी बॉल हवा असेल तर स्लिप भरावी लागे. स्लिपवर ‘कशासाठी’ असा रकाना होता आणि त्यात ‘खेळण्यासाठी’ असं लिहिल्याखेरीज बॉल बाहेर येत नसे. सलीम टीमचा कॅप्टन आणि खालूंच्या बायकोच्या बहिणीचा सख्खा मुलगा, पण त्यालाही सूट नव्हती. एकदा बॉलची साल निघाली, हवा राहीना. नवीन बॉल ऐंशी दिरहॅमचा, म्हणजे आपले आठशे रुपये; तो कंपनीने लगेच आणून दिला. पण जुना बॉल भंगारात काढायच्या कागदावर फोरमनची सही होईपर्यंत खालूंनी नव्याचं खोकं फोडलं नाही. दोन शुक्रवार टीमने त्या बसक्या बॉलने सराव केला. बॉल उसळत नसल्यामुळे पोरांना एकमेकांना पास देण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही, आणि त्या दोन शुक्रवारी टीम फार चांगली खेळली असं खालूंचं प्रामाणिक मत होतं.

मॅच चालू असताना ते रिंगकडे बघत नसत. कोर्टाच्या कडेला एका उलट्या ड्रमवर बसून ते जमिनीकडे बघत. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. रॅकच्या तळाच्या फळीवरचं काही काढायचं असलं की ते आधी एका हाताने रॅक धरत, मग अल्लाचं नाव घेत आणि मग टप्प्याटप्प्याने खाली जात. वर येताना पुन्हा तेच. त्यामुळे खाली पडलेल्या वस्तूविषयी त्यांच्या मनात जो आदर होता तो तुमच्या-माझ्या मनात असणं शक्य नाही. मी एकदा विचारलं, की खालू, तुम्ही बॉलकडे का बघत नाही. ते म्हणाले, “वर असतो तेव्हा सगळेच बघतात. खाली पडतो तेव्हा कोण बघतो, ते मी बघतो.”

ही टीम सतत हरायची. मुसफ्फातल्या वर्कशॉपांची आणि अबुधाबीतल्या हॉटेलांची मिळून दहा टीमांची एक लीग होती. नोव्हेंबरपासून रमजान सुरू होईपर्यंत, दर शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मॅच. खालूंची कंपनी तीन वर्षं ओळीने दहावी आली होती. कोर्ट मात्र दहाही टीमांत उत्तम. पाइपयार्डच्या मागे काँक्रीटचं अंगण आणि कंपनीच्या वेल्डरांनी चार इंची पाइपाचे खांब करून त्यावर जोडलेल्या दोन रिंगा, ज्यांना टाकी टांगली असती तरी त्या हलल्या नसत्या. तिसऱ्यांदा दहावे आल्यावर कंपनीचे जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे मुदीर म्हणत, त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी पुन्हा दहावे आलात तर टीम खलास आणि ते अंगण पाइप ठेवायला वापरायचं. वास्तविक पाइप ठेवायला जागा नाही म्हणून दहा वर्षं दर महिन्याला तक्रार लिहिणारा माणूस म्हणजे खुद्द खालू. मागितलेलं मिळायची वेळ आली तेव्हा ते हवालदिल झाले. पन्नास अंशांच्या उन्हात आठवडाभर लोखंड उचलणाऱ्या माणसांना शुक्रवारची ती दोन तासांची जागा काय आहे, हे त्यांना ड्रमवर बसून दिसत होतं.

याच सुमारास मी त्यांच्या आयुष्यात शिरलो, तो अगदीच वाईट अवस्थेत. मी सांगलीचा. अबुधाबीत सलीमसकट सहा जण एका फ्लॅटमध्ये राहायचो आणि मी एका लहानशा वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो. मालकाने एका सकाळी वर्कशॉप बंद केलं. माणूस भला, दुसरीकडे जायला एनओसी दिली. पण व्हिसा रद्द झाला आणि तीस दिवसांत नवीन नोकरी मिळाली नाही तर परतीचं विमान. घरी बायकोला चौथा महिना. तिला मी काही सांगितलं नव्हतं. दर शुक्रवारी बूथवरून फोन करायचो आणि सगळं ठीक आहे म्हणायचो. सलीमने बातमी आणली, की खालूंच्या हातात एक व्हिसा आहे, एक जागा, आणि ती भरायचं मुदीरने त्यांच्यावर सोपवलंय. खालू ती टीमसाठी वापरणार अशी कुजबुज होती. मी कॉलेजच्या टीममध्ये होतो, म्हणजे बाकावर होतो, पण बाकही टीमचाच भाग असतो असं मी सलीमला समजावलं.

मात्र त्या जागेवर आणखी एकाचं नाव जवळपास लिहूनच झालं होतं. ज्याच्या कंपनीची टीम बंद पडली तो खेळाडू मोकळा, त्याला कुणीही घ्यावं असा लीगचा नियम होता. त्या वर्षी एका हॉटेलने टीम मोडली, लीगमध्ये तिची जागा एका दूध कंपनीने घेतली, आणि हॉटेलकडचा जालंधरचा सहा फूट चार इंचांचा गडी मोकळा झाला. गेल्या हंगामात यानेच खालूंच्या टीमची दोनदा धूळधाण केली होती. सलीमसकट सगळी टीम त्याच्या नावाचा जप करत होती.

खालूंनी मात्र खरेदीच्या आधी स्टॉक बघायचं ठरवलं. पडलेल्या टीमने बाहेर बघायच्या आधी स्वतःच्या रॅकवर काय आहे ते बघावं, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी सहाही खेळाडूंना स्टोअरमध्ये बोलावलं, सुलेमानी चहा पाजला आणि तुला काय येतं असं न विचारता, तू काय करत नाहीस असं विचारलं. तासाभराने निष्पन्न झालं की बास्केट करू पाहणारे पाच आहेत, पास देणारा अर्धा आहे आणि मागे धावणारा कुणीच नाही. खालू म्हणाले की रॅकवर पाच व्हॉल्व्ह असताना सहावा व्हॉल्व्ह मागवणाऱ्या स्टोअरकीपरला कामावरून काढतात. सलीम म्हणाला, पण खालू, हा मोठा व्हॉल्व्ह आहे. त्यावर त्यांनी सलीमचा चहाचा पेला उचलून घेतला.

दुसरा नियम रजेचा. तो ते ठेच लागून शिकले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी केरळचा एक अप्रतिम खेळाडू मिळवला. नोव्हेंबरात त्याने दोन मॅच एकट्याने जिंकून दिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात सामान बांधलं, कारण दोन वर्षं भरल्यामुळे त्याची दोन महिन्यांची रजा लागली होती. तो गावी गेला, लग्न केलं, घराचा पाया घातला आणि रमजान संपल्यावर मिठाईचा पुडा घेऊन परत आला, तेव्हा टीम दहावी येऊन गेली होती. खालूंनी मिठाई खाल्ली. पण तेव्हापासून ते खेळाडूची उंची विचारायच्या आधी पासपोर्ट मागत आणि रजा कधी आहे ते बघत.

तिसरा नियम माझ्या जिवावर आला. घाईने काही घ्यायचं नाही. हंगाम संपल्या संपल्या जो माल उचलायला गर्दी होते त्यात निम्मं पॉलिश असतं, असं ते म्हणत. शेवटपर्यंत थांबावं, जे दिसायला साधं म्हणून मागे राहतं त्यातच कामाचं सापडतं. तत्त्व म्हणून हे उत्तम आहे, पण ज्याचे दिवस भरत आलेत त्याने ते ऐकायचं म्हणजे कठीण. अठ्ठावीस दिवस उरले होते तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा भेटलो. त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली, पासपोर्ट बघितला आणि इन्शाल्ला म्हणाले. एकवीस उरले तेव्हा पुन्हा इन्शाल्ला. बारा उरले तेव्हा मी सलीमला म्हटलं की तुझ्या खालूंना माणुसकी नाही. हे वाक्य मी बोललो होतो, ते लिहूनही टाकतो; मला ते नंतर बरीच वर्षं टोचत राहिलं.

नऊ दिवस उरले असताना निरोप आला, की गुरुवारी स्टोअरचं वार्षिक स्टॉक टेकिंग आहे, जालंधरवाला येतोय, तूही ये. बॉल आणायचा नाही. सकाळी आठ ते दुपारी दोन आम्हा दोघांना खालूंनी बोल्ट मोजायला बसवलं. जालंधरवाला मोठा गमत्या माणूस होता. तो खुर्चीवर बसून मोजत होता आणि मोजता मोजता आपल्या मॅचच्या गोष्टी सांगत होता. तीन वेळा आकडा चुकला तेव्हा अंदाजे लिहून मोकळा झाला. मी रागाने धुमसत होतो. आपल्या परिस्थितीचा फायदा घेऊन फुकट राबवतायत अशी माझी खात्री झाली होती. त्या रागात माझा हात लागून पाऊण इंची नटांची पेटी उलटली. शेडभर नट पसरले. रॅकखाली, ड्रममागे, दाराच्या फटीत. मी शरमेने मेलो आणि पुढचे दोन तास गुडघ्यांवर रांगत एकेक नट गोळा करत राहिलो. जालंधरवाल्याने खुर्चीवरून पाय वर घेतले, म्हणजे मला खालून जाता यावं.

दोन वाजता खालूंनी मला थांबवलं.

“सांगली,” ते म्हणाले, “तू वाकतोस.”

मी म्हटलं, माझ्या हातून सांडले, मीच उचलणार.

“सांडायचं कुणाच्याही हातून सांडतं. आमच्या टीममध्ये कोणी वाकत नाही. बॉल खाली पडला की सहाही जण उभे राहून बघतात. तीन वर्षं मी ड्रमवर बसून तेच बघतोय.” मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. “रविवारी कागद घेऊन ये. ड्रॉइंग ऑफिसला जागा आहे.”

मी त्या दिवशी फ्लॅटवर जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. शुक्रवारी बायकोला फोन केला आणि सगळं ठीक आहे म्हणालो. महिनाभरात ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

टीमने मात्र माझं स्वागत सुतकात बसल्यासारखं केलं. जालंधरवाल्याला दुसऱ्या कंपनीने उचललं आणि पहिल्याच मॅचला त्याने आमच्यावर मनसोक्त सूड घेतला. सलीम दोन दिवस खालूंशी बोलला नाही. मी कसा खेळायचो ते सांगण्यासारखं नाही. सगळ्या हंगामात माझ्या नावावर सात बास्केट लागले, त्यातला एक चुकून. पण खाली पडलेला बॉल मी सोडत नसे, कारण खालू ड्रमवरून बघत असत आणि नऊ दिवस मी विसरलो नव्हतो. हळूहळू बाकीच्यांनाही लाज वाटायला लागली. आधी सलीम वाकला, मग इतर वाकले. चार शुक्रवारांत दोन मॅच जिंकल्या. शेवटची मॅच त्या नव्या दूध कंपनीच्या टीमशी होती, आणि जो हरेल तो दहावा असा हिशोब झाला होता. पाइपयार्डमधून नवीन आलेले पाइप कोर्टाच्या कडेपर्यंत रचून ठेवलेले सगळ्यांना दिसत होते. मिनिटभर उरलं असताना आम्ही एका गुणाने मागे होतो. सलीमचा बॉल हुकला, खांबाला आपटून बाहेर निघाला, आणि मी काँक्रीटवर पालथा पडून तो रेषेच्या आत ढकलला. माझ्या कोपराची साल गेली. सलीमने बॉल उचलून पुन्हा मारला आणि तो गेला. नंतरचा आरडाओरडा ऐकून खालूंनी शेजारच्याला विचारलं की काय झालं. आम्ही नववे आलो होतो. नववे आल्याबद्दल एवढा नाच मुसफ्फात पूर्वी कुणी केला नसेल. खालूही उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मग माझ्यासमोर त्यांनी बॉल परत केल्याची स्लिप धरली. मी रक्ताळलेल्या हाताने सही केली.

मार्चमध्ये मला मुलगी झाली. दोन वर्षांनी ती आणि तिची आई अबुधाबीला आल्या. कोर्ट राहिलं, टीम राहिली. आम्ही पुढे कधी सहावेही आलो. मी सीनियर ड्राफ्ट्समन झालो. दुबई मरीनात उंच उंच टॉवर उठायला लागले तेव्हा कंपनीला तिथली पाइपांची कामं मिळाली आणि मी आठवड्यातले चार दिवस तिकडे जाऊ लागलो. खालू मात्र त्याच शेडमध्ये, एकटेच, रॅक धरून खाली जात आणि अल्लाचं नाव घेत वर येत. कधी एखाद्या गुरुवारी मी मदतीला जायचो, आणि खरं सांगायचं तर आपण मोठे उपकार करतोय अशा थाटात जायचो. मग एके वर्षी गुडघ्यांनी अगदीच नकार दिला आणि ते कायमचे गावी गेले. निरोपाला टीमने त्यांना तो पहिला, साल निघालेला बॉल सह्या करून दिला. भंगार विभागातून तो कुणी कसा सोडवला याची त्यांनी चौकशी केली.

ते गेल्यावर महिन्याभराने नव्या स्टोअरकीपरला जुन्या फायली लावून द्यायला मी बसलो. त्यात माणूस मागण्याचा एक फॉर्म निघाला. खाली खालूंचं पूर्ण नाव आणि सही. मी ते नाव तेव्हा पहिल्यांदा वाचलं. पद, असिस्टंट स्टोअरकीपर. संख्या, एक. कारण, ‘गुडघे. वाकणारा माणूस पाहिजे.’ त्याच मागणीच्या आधीच्या सहा वर्षांच्या सहा प्रती मागे टाचलेल्या होत्या, सगळ्या नामंजूर. सातवीवर मुदीरची मंजुरी होती. आणि मंजुरीच्या खाली, ओळखीच्या पेन्सिलीने, माझं नाव लिहून पुढे शेरा मारला होता, ‘मूळचा ड्राफ्ट्समन आहे. ड्रॉइंग ऑफिसला द्यावा. स्टोअरला तूर्त गरज नाही.’

माझ्यासाठी ड्रॉइंग ऑफिसमध्ये जागा कधीच नव्हती. जी जागा होती ती त्यांच्या गुडघ्यांची होती. त्यांनी सात वर्षांनी मिळालेला माणूस घेतला, त्याला पारखलं, आणि हा आपल्याकडे वाया जाईल म्हणून दुसऱ्यांना देऊन टाकला. नवा स्टोअरकीपर मला काय झालं म्हणून विचारत होता.

संध्याकाळी मी रत्नागिरीला फोन लावला. आभार कसे मानावेत हे दिवसभर घोकलं होतं. पण फॉर्म सापडला, एवढंच म्हणालो.  खालू म्हणाले, “ते असू दे. तुझी रजा कधी आहे ते बोल.”

त्या वर्षी सांगलीला जायच्या आधी मी बायको-मुलीला घेऊन खाडीकाठच्या त्यांच्या गावी गेलो. खालू ओटीवर बसले होते. आम्हाला बघून उठायची धडपड करत होते आणि पायाने चाचपडत चप्पल शोधत होते. ती घसरून पायरीवर पडली होती. “पप्पा, हू इज ही?” माझ्या मुलीने विचारलं. मी वाकलो, चप्पल उचलली आणि त्यांच्या पायात सरकवली. वर येताना माझाही गुडघा आता वाजला.

खालूंनी दारात आलेल्या खालाकडे मान वळवली.

“बघ,” ते म्हणाले, “मी बोललो होतो ना तुला. वाकतो.”